पाणी चाखणाऱ्याने तळे राखावे



'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुधा ती हसत हसत म्हटली जाते. राखणदाराने ओंजळभर पाणी घेतले तर त्याला कोणी चोर म्हणू नये, एवढाच तिचा व्यवहारातील अर्थ. पण ही म्हण एकदा उलटी करून पाहावी. जो रोज तळ्याचे पाणी चाखतो, त्याच्यावर तळे राखण्याचे बंधन आहे की नाही? पाणी गोड आहे तोवर तळे माझे, आणि पाण्यात विष कालवले गेले की तळे राखणदाराचे, असे म्हणणाऱ्याला गावाने काय म्हणावे?

गावात या प्रश्नाचे उत्तर शोधायला वेळ लागत नाही. शेंबडे पोरही ते देईल. पण तळे एका देशात, चाखणारा दुसऱ्या देशात, राखणदार पगारी, आणि मधे कागदोपत्री उभ्या केलेल्या दोन-तीन भिंती, असे झाले की हेच सोपे उत्तर चाळीस-चाळीस वर्षे कोर्टकचेऱ्यांत अडकून पडते. अनेक देशांत धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या हातून माणसांची आणि माती-पाण्याची हानी झाली, तर तिची जबाबदारी कायद्याने कोणाच्या गळ्यात घालावी, हा आजच्या निरूपणाचा विषय आहे. विषय वकिलांचा वाटेल. पण त्याचे मूळ धर्मविचारात, म्हणजे योग्य-अयोग्याच्या विचारात आहे. आणि त्यासाठी भोपाळइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना भोपाळ परके नाही. तेथे युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या कंपनीचा कारखाना १९६९ पासून होता. 'सेविन' नावाचे कीटकनाशक तेथे बनत असे. त्यासाठी लागणारे मिथाइल आयसोसायनेट हे अत्यंत विषारी द्रव पुढे, १९८० च्या सुमारास, तेथेच तयार होऊन मोठमोठ्या टाक्यांत साठवले जाऊ लागले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. आतील द्रव तापले, उकळले, आणि मध्यरात्रीनंतर सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला.

आता लक्ष द्या. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्याआधीच काही महिने बंद करून ठेवलेली होती. निसटणारा वायू धुऊन निरुपद्रवी करणारे यंत्र त्या रात्री उपयोगी पडले नाही. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा जोडनळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. त्या विभागातील कामगारांची संख्या काटकसर म्हणून निम्मी केलेली होती. आणि असे काही झाले तर ओले फडके नाकातोंडावर धरावे, एवढी साधी गोष्टसुद्धा भिंतीपलीकडच्या वस्तीला कोणी सांगितलेली नव्हती. एक कडी तुटली तर तो अपघात म्हणता येईल. इतक्या कड्या आधीपासून उघड्या असतील तर त्याला काय म्हणायचे?

ठाऊक नव्हते, असेही म्हणता येत नाही. १९८१ च्या डिसेंबरात याच कारखान्यात विषारी वायूने एक कामगार दगावला होता. १९८२ साली अमेरिकेतील मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी येऊन कारखान्याची पाहणी केली आणि उणिवांची यादी लिहून दिली. त्याच वर्षी भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकातून शहर धोक्यात असल्याचे सांगत होते. त्यांच्यापाशी ना प्रयोगशाळा होती ना पैसा. जे त्यांना दिसले ते कंपनीला आणि सरकारला दिसले नसेल, यावर विश्वास कसा ठेवावा?

या कारखान्याचा मालक कोण? भारतीय कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेच्या युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे होते. उरलेले ४९.१ टक्के भारतातील वित्तीय संस्था आणि सामान्य भागधारक यांच्याकडे. म्हणजे अर्ध्याहून अधिक सत्ता आणि अर्ध्याहून अधिक नफा सातासमुद्रापार. आपल्या घराघरांतील बॅटरीत असणारे 'एव्हरेडी'चे सेल याच कंपनीचे. रात्री गोठ्यात जाताना, पावसाळ्यात वीज गेल्यावर, ज्या उजेडावर आपला भरवसा होता तो उजेड विकणारी ही कंपनी होती. तेव्हा भोपाळ कोणा दूरच्या, अनोळखी माणसाचे पाप आहे असे समजू नये. त्या कंपनीची आणि आपली ओळख होती.

येथे एका शब्दाकडे वळू. 'जबाबदार' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. त्यात 'जबाब' आहे. ज्याने जबाब द्यायचा, तो जबाबदार. जबाब कोणाला द्यायचा असतो? विचारणाऱ्याला. जेथे विचारणाऱ्याला विचारण्याची जागाच नाही तेथे जबाबदारी हा शब्द पोकळ होतो. या दुर्घटनेनंतर अमेरिकेतील कंपनीने नैतिक जबाबदारी आपली असल्याचे सांगितले, पण कायद्याची जबाबदारी मात्र कधीच मान्य केली नाही. हे वाक्य नीट चावून पाहण्यासारखे आहे. नैतिक जबाबदारी कायद्याच्या जबाबदारीपेक्षा मोठी असते, अशी आपली समजूत. ज्याने मोठी स्वीकारली त्याला छोटी जड का व्हावी? जो मनापासून देणे कबूल करतो तो सावकाराच्या वहीत अंगठा उठवायला कचरत नाही. तेव्हा येथे 'नैतिक' या शब्दाचा अर्थ एवढाच उरतो की, किती द्यायचे, कधी द्यायचे आणि कोणाला द्यायचे हे मीच ठरवीन. तुम्ही विचारायचे नाही. याला जबाबदारी म्हणता येणार नाही. ही मेहेरबानी झाली.

म्हणून न्यायालय हवे. आता त्या वाटेने भोपाळचे लोक कोठे पोचले ते पाहू.

१९८५ साली संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लढण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेला. तेथे एक विलक्षण देखावा झाला. आमची न्यायव्यवस्था एवढा मोठा दावा पेलू शकणार नाही, असे भारत सरकार परक्या न्यायासनापुढे सांगत होते. आणि भारतीय न्यायालये पूर्ण समर्थ आहेत, असे कंपनी सांगत होती! मे १९८६ मध्ये न्यायाधीश जॉन कीनन यांनी दावा भारतात चालावा असा निर्णय दिला. मग कंपनी भारतात आली आणि येथे प्रत्येक पायरीवर हरकती सुरू झाल्या. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटी रुपयांची अंतरिम मदत द्यावी असा हुकूम केला. खटला चालेल तेव्हा चालेल, मरणाऱ्याला आज औषध हवे, हा त्यामागचा साधा विचार. कंपनी वर गेली. एप्रिल १९८८ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने रक्कम २५० कोटी केली. कंपनी आणखी वर गेली. अखेर १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली. सरकारने ३.३ अब्ज डॉलर मागितले होते. ४७ कोटी डॉलरवर, म्हणजे त्या वेळच्या सुमारे ७१५ कोटी रुपयांवर, मिटले. फौजदारी खटलेही त्याबरोबर संपवण्यात आले. १९९१ साली न्यायालयानेच फौजदारी खटले पुन्हा उभे केले, पण रक्कम तीच राहिली.

तडजोडीच्या वेळी सुमारे ३,००० मृत्यू गृहीत धरले होते. पुढे भरपाईचे दावे तपासता तपासता मृतांचा अधिकृत आकडा ५,२९५ झाला आणि भरपाई मिळालेल्यांची एकूण संख्या सुमारे पावणेसहा लाखांवर गेली. पीडितांच्या संघटना मृतांचा आकडा याच्या कितीतरी पट सांगतात. ७१५ कोटींना पावणेसहा लाखांनी भागून पाहा. माणशी साडेबारा हजारांच्या आसपास येतात. व्याज आणि डॉलरचा वाढलेला भाव यांमुळे बहुतेक जखमींच्या हाती आधी २५,००० आणि २००४ नंतर आणखी २५,००० रुपये पडले. आयुष्यभराच्या धापेची ही किंमत.

आणि माणसे? अमेरिकन कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ रोजी भोपाळला आले, त्यांना अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला आणि ते सरकारी विमानाने दिल्लीस गेले. ते परत कधी आले नाहीत. १९९२ साली न्यायालयाने त्यांना फरारी ठरवले. २०१४ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले. अमेरिकन कंपनी आणि हाँगकाँगमधील तिची युनियन कार्बाइड ईस्टर्न, या दोन्ही आरोपी होत्या. दोन्ही न्यायालयापुढे उभ्या राहिल्या नाहीत. ७ जून २०१० रोजी, साडेपंचवीस वर्षांनी, भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीला आणि तिच्या भारतीय अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले. हयात असलेल्या सात जणांना दोन वर्षांची कैद आणि लाखभर रुपयांचा दंड झाला. त्यांना लगेच जामीनही मिळाला. राखणदार पिंजऱ्यात उभा राहिला. पाणी चाखणारा नामानिराळा राहिला.

ही उदास करणारी हकीकत आहे. पण याच काळात आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक असे तत्त्व सांगितले की ते जगाने शिकावे. ४ डिसेंबर १९८५ रोजी, भोपाळला जेमतेम वर्ष झाले असताना, दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या प्रकरणी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने सांगितले की, जो उद्योग मुळातच धोकादायक काम करतो, त्याच्याकडून हानी झाली तर त्याने भरपाई दिलीच पाहिजे. आम्ही सर्व काळजी घेतली होती, हे उत्तर चालणार नाही. जुन्या इंग्रजी कायद्यात दैवी कोप, परक्या माणसाचे कृत्य अशा पळवाटा होत्या. त्या येथे बंद केल्या. आणि भरपाई उद्योगाच्या ऐपतीच्या प्रमाणात असावी, म्हणजे मोठ्याला ती बोचेल, असेही सांगितले. यालाच पूर्ण दायित्वाचे तत्त्व म्हणतात.

या तत्त्वाचा गाभा काय? ज्याच्या इच्छेने धोका गावात आला आणि ज्याला त्या धोक्याचा नफा मिळतो, त्याने धोक्याचे ओझे वाहावे. ज्याने धोका मागितला नाही, ज्याला तो समजला नाही, त्याच्या छातीवर ते ठेवू नये. बैल पोसणाऱ्याने बैल मारका निघाला तर दोष बैलावर टाकू नये, हीच ती गोष्ट.

यावर काही शंका निघतात. त्या टाळून पुढे जाणे बरे नव्हे.

पहिली शंका. कंपनीचे म्हणणे असे की एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. मग दोष त्याचा. हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाले नाही. पण वादापुरते खरे धरू. एका रागावलेल्या माणसाने एक नळी जोडली आणि हजारो माणसे मेली, अशी व्यवस्था ज्याने उभी केली त्याचे काय? हजारोंच्या उशाशी असा साठा ठेवणाऱ्याने रागावलेला माणूसही हिशेबात धरलाच पाहिजे. माणसे रागावतात, पेंगतात, चुकतात, हे काही कोणाला नवीन नाही.

दुसरी शंका. आपल्या लोकांचा दोष नव्हता काय? होता. कारखान्याला लागून असलेल्या झोपडवस्त्यांना राज्य सरकारनेच पट्टे दिले. कारखाना-निरीक्षक होते, परवाने देणारे होते. तडजोडीनंतर पुढे येणाऱ्या पीडितांसाठी विमा उतरवावा, असे १९९१ साली न्यायालयात ठरले होते. तो सरकारने कधी उतरवलाच नाही, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल सरकारला कठोर शब्द ऐकवले. वाढीव भरपाईसाठी सरकारने केलेली याचिकाही त्याच निकालाने, १४ मार्च २०२३ रोजी, फेटाळली गेली. पण पाप ही भाकरी नव्हे, की खाणारे वाढले म्हणून तुकडा लहान व्हावा. चौघांनी मिळून घर जाळले तर प्रत्येकाने पाव घर जाळले असे होत नाही.

तिसरी शंका सर्वांत जड आहे. मूळ कंपनीवर असे ओझे टाकले तर परदेशी भांडवल येईल का? आणि कंपनीचे दायित्व मर्यादित ठेवण्याची जी पद्धत जगभर आहे, तिच्यामुळेच तर हजारो लहान माणसे निर्धास्तपणे पैसा गुंतवतात. धंदा बुडाला तरी त्यांचे घर विकले जात नाही. हे खरे आहे, आणि ही सोय चांगली आहे. पण ती कोणासाठी आहे? ज्याने दोन पैसे घातले आणि ज्याचा कारभारात हात नाही, त्याच्यासाठी. ज्याच्या हाती निम्म्याहून अधिक सत्ता आहे, जो कारखान्याचा आराखडा ठरवतो, तपासनीस पाठवतो, खर्च कापायला सांगतो, त्याने त्याच पांघरुणात शिरणे म्हणजे सोयीचा गैरफायदा घेणे होय. भांडवलाचे म्हणाल, तर जो पाहुणा घराला आग लागल्यास पाणी ओतायचे नाही, ही अट घालून येतो, त्याला ओसरीवर घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आता वारशाचे पाहू. १९९४ साली अमेरिकन कंपनीने भारतीय कंपनीतील आपला हिस्सा विकला. न्यायालयाच्या देखरेखीखाली तो पैसा भोपाळच्या रुग्णालयाकडे वळवला गेला. या रुग्णालयाचा उल्लेख पुष्कळदा दानधर्मासारखा होतो. आपल्याकडे दासोहाची कल्पना आहे. त्यात देणारा मी दिले असे म्हणत नाही आणि घेणारा मिंधा होत नाही. येथे तर दान नव्हतेच. देणेकऱ्याने देणे फेडले, तेही तारखा पडल्यावर. कर्जफेडीला दासोहाचे गंध लावू नये.

२००१ साली डाऊ केमिकल या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने युनियन कार्बाइड विकत घेतली. भोपाळचा कारखाना आम्ही कधी चालवला नाही, युनियन कार्बाइड आजही स्वतंत्र कंपनी आहे, तेव्हा ते देणे आमचे नव्हे, असे डाऊचे म्हणणे. आपल्याकडे जमीन घेणारा आधी उतारा काढतो आणि त्यावर बोजा आहे का ते पाहतो. जमीन घेतली, पीक घेतले, आणि बोजा मात्र जुन्या मालकाचा, असे तलाठ्यापुढे म्हणून दाखवावे! शेतकऱ्याला जो न्याय लागतो तो महासागरापलीकडे का लागू नये?

बोजा कागदावरच असता तर गोष्ट वेगळी. तो मातीत आहे. कारखान्याच्या आवारात वर्षानुवर्षे पडलेल्या रसायनांनी आसपासचे भूजल दूषित झाले; १९८४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या तोंडी ते पाणी गेले. आवारातील ३३७ टन विषारी कचरा १ जानेवारी २०२५ रोजी बारा बंद गाड्यांतून निघाला आणि सुमारे २५० किलोमीटरवर, इंदूरजवळच्या पिथमपूरला आणला गेला. तेथील लोक रस्त्यावर आले. दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली २०२५ च्या जूनअखेर तो कचरा जाळून झाला. या कामासाठी १२६ कोटी रुपये केंद्र सरकारने दिले. म्हणजे कोणी दिले? ज्यांनी तो कचरा केला त्यांनी नव्हे. तुम्ही दिले, मी दिले. भोपाळच्या ज्या विधवेने दुकानातून मीठ-साबण घेतला, तिनेही कराच्या रूपाने दिले.

जगात अन्यत्र काय घडले? हळूहळू वाट उघडते आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार चिरडले गेले. तेथे शिवलेले कपडे पाश्चात्त्य दुकानांत जात होते. त्यानंतर २०१७ साली फ्रान्सने कायदा केला की तेथील फार मोठ्या कंपन्यांनी आपल्या उपकंपन्या आणि पुरवठादार यांच्याकडील माणसांना व निसर्गाला असलेले धोके आधीच ओळखावेत, त्यांवरील योजना जाहीर करावी, आणि तसे न केल्यास न्यायालयात उत्तर द्यावे.

दुसरे उदाहरण आपल्याला अंतर्मुख करणारे आहे. झांबियातील चिंगोलाजवळच्या १,८२६ लोकांनी तांब्याच्या खाणीने नद्या नासवल्या म्हणून लंडनमध्ये दावा लावला. खाण चालवणारी स्थानिक कंपनी होती; तिची मूळ कंपनी वेदान्ता. हे नाव गोव्याच्या वाचकांना लोहखनिजामुळे चांगले ठाऊक आहे, आणि तिचे प्रमुख भारतीय उद्योगपती आहेत. १० एप्रिल २०१९ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दावा तेथे चालू शकतो असे ठरवले. समूहातील सर्व खाणींत पर्यावरण राखण्याची जबाबदारी आम्ही घेतो, असे मूळ कंपनीनेच आपल्या पत्रकांत छापले होते. ते शब्द तिच्या अंगावर आले. येथे तळे आफ्रिकेत होते आणि पाणी चाखणारा आपला माणूस होता. भोपाळसाठी जो न्याय मागतो तोच न्याय आपल्या माणसाला लावायला आपण तयार आहोत का? नसू, तर आपली तक्रार न्यायाची नव्हती, फक्त नुकसानीची होती.

संयुक्त राष्ट्रसंघात असा आंतरराष्ट्रीय करार करण्यासाठी २०१४ साली कार्यगट नेमला गेला. दशक उलटले, करार हाती आला नाही. तोवर गॅस थांबत नाही. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमला दक्षिण कोरियाच्या एलजी केमच्या उपकंपनीतून स्टायरीनचा वायू सुटला, बारा माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५० कोटी रुपये भरण्याचा हुकूम दिला. भोपाळला अंतरिम मदतीचा पहिला हुकूम व्हायला तीन वर्षे लागली होती. हा फरक आपोआप पडला नाही. भोपाळच्या रोगट फुप्फुसांनी, वर्षानुवर्षे मोर्चे काढणाऱ्या तेथील बायांनी तो पाडला.

मग आपण काय करावे? आयदक्की लक्कम्मेची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. पती मारय्या एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणतात, आणि ती त्यांना जास्तीचे परत टाकून यायला सांगते. ही कथा आपण निर्लोभतेची म्हणून सांगतो. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. घरात आलेला प्रत्येक दाणा कोठून आला, किती आला आणि का आला, हे त्या माउलीला ठाऊक होते. कमाई शुद्ध ठेवायची तर आधी तिचा उगम ठाऊक हवा. आज आपल्या घरात दाणे कोठून येतात? बँकेतील ठेव, विमा, म्युच्युअल फंड, भाग. युनियन कार्बाइडच्या त्या ४९.१ टक्क्यांत आपल्या सारख्याच हजारोंचा पैसा होता. लाभांशाचा कागद आला की आपण आकडा पाहतो. उगम पाहत नाही.

तो पाहण्याची साधने कायद्याने दिली आहेत. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात बदल झाला. धोकादायक कारखान्याने कामगारांना व आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती दिलीच पाहिजे. मोठ्या प्रकल्पापूर्वी जनसुनावणी होते. बेळगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणारे, वडोदऱ्याच्या रासायनिक पट्ट्यात राहणारे आपण किती जण त्या सुनावणीला जातो? शेजारच्या कारखान्यात काय साठवले आहे, सायरन वाजला तर वाऱ्याच्या कोणत्या दिशेला धावायचे, हे घरातल्या मुलाला सांगता येईल का? ज्या समूहाचे भाग आपल्याकडे आहेत, त्याच्या वार्षिक सभेला एक प्रश्न लिहून पाठवायला पोस्टाचा खर्च तो किती?

एवढ्याने डाऊ वा युनियन कार्बाइड भोपाळच्या न्यायालयात येऊन उभी राहील, असे कोणी म्हणणार नाही. त्यासाठी देशादेशांतील करार हवेत, एका देशाचा निकाल दुसऱ्या देशात बजावता आला पाहिजे, आणि मूळ कंपनीचे दायित्व आपल्या संसदेने कायद्यात स्वच्छ लिहिले पाहिजे. परंतु जो समाज स्वतःच्या ओंजळीतील पाण्याचा उगम विचारत नाही, तो दुसऱ्याला कोणत्या तोंडाने विचारणार? पाणी आपण सर्वच चाखतो. तेव्हा तळे राखण्याची पाळी कोणाची, हे विचारताना बोट आधी स्वतःकडे आणि मग निःसंकोचपणे मालकाकडे वळावे; आणि मालक कितीही दूर बसला असला, तरी तो जबाब देईपर्यंत ते खाली येऊ नये.